चालल्यानंतरचा आकडा

१५ सप्टेंबर, सोमवार

पुण्याहून आलो. रक्तगट जुळला, दोन्ही किडन्या ठणठणीत, बाकी सगळं पास. एकाच विषयात गचकलो. तीन महिन्यांची शुगर ६.३. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "तुम्ही अजून डायबेटिक नाही, पण काठावर आहात. तुमची एक किडनी बायकोला दिली आणि उद्या तुमचीच उरलेली बिघडली, तर मी कुणाला तोंड दाखवू?" वजन ८४. गोळी नको म्हणाल्या. तीन महिने चाला, वजन उतरवा, १६ डिसेंबरला या. तेव्हाच्या आकड्यांवर ठरेल.

सु. एसटीत खिडकीकडं तोंड करून बसलेली. दौंड गेल्यावर बोलली, "बरं झालं. सुटला तुमी." आठवड्यातनं दोनदा नगरला डायलिसिसच्या मशीनवर चार-चार तास पडून राहते, आणि सुटलो म्हणे मी.

मी नापास तर पुढचा नंबर प्रज्ञाचा. पोरीनं केव्हाच सांगून ठेवलंय, मी देते म्हणून. सु.चं उत्तर ठरलेलं, "लेकीची घेन्यापरीस मी अशीच जाईन." आणि ती खरंच जाईल, एवढी हट्टी आहे. म्हणजे मी, नाहीतर कुणीच नाही.

१७ सप्टें., बुध.

सकाळी सहाला कालव्याच्या चारीच्या कडेनं निघालो. पहिल्याच दिवशी तात्या मागं लागले. तात्या म्हणजे शेजारी, सत्तरी ओलांडलेले, एके काळचे पैलवान, आता दोन म्हशी आणि एक खोंड. "केमिस्टसायेब, वाट चुकला का?" सांगितलं, चालायचं आहे, तीन महिने. "तीन म्हैने चालून कुटं पोचनार?" म्हणाले. पण आले बरोबर. निम्म्या वाटेत मला दम, त्यांच्या गप्पा सुरूच.

२१ सप्टें., रवि.

मोजायचं यंत्र आणलं. मोजल्याशिवाय माझा कशावर विश्वास बसत नाही. सव्वीस वर्षं कारखान्याच्या लॅबमध्ये उसाच्या रसातली साखर मोजतोय, आता स्वतःची.

मॅडम म्हणाल्या, उपाशीपोटीची तुमची बरीच येते, जेवणानंतरची बघत जा. दुपारी दोन भाकरी, मटकीची उसळ. एका तासानं १७६. बसून राहिलो, पेपर वाचला. आणखी अर्ध्या तासानं १६८.

उद्या हेच जेवण, पण पेपर नाही.

२२ सप्टें., सोम.

त्याच दोन भाकरी, तीच मटकी. (सु. वैतागली. "कालचीच भाजी मागून खानारा मानूस पैल्यांदा बघितला.") एका तासानं १७४. उठलो, अर्धा तास चाललो, आलो, टोचलं.

११८.

पट्टी खराब असेल म्हणून दुसरी घेतली. १२१.

किती वेळ यंत्राकडं बघत बसलो, ठाऊक नाही. गोळी नाही, सुई नाही, काढा नाही. नुसते पाय. आम्हाला रसातनं साखर काढायला बॉयलर लागतो, पॅन लागतं, शे-दोनशे माणसं लागतात, चार कोसांवर वास जातो. इथं अर्ध्या तासात माझ्या दोन मांड्यांनी साखर उचलून नेली, ना धूर ना आवाज. आणि मी एक्कावन्न वर्षं या मांड्यांवर नुसता बसत आलो.

प्र.ला फोन केला. ती पुण्याला बायोकेमिस्ट्रीचं एम.एस्सी. करते, दुसरं वर्ष. म्हणाली, "पप्पा, एरवी साखर आत घ्यायला स्नायूला इन्सुलिननं दार उघडून द्यावं लागतं. पण स्नायू कामाला लागला की आतनं स्वतःच कडी काढतो." शाळेत हे शिकवलं असतं तर कदाचित माझी ढेरी सुटलीच नसती.

३ ऑक्टो., शुक्र.

सु.ला घेऊन नगरला. मशीनवर घालायच्या आधी वजन, उतरल्यावर वजन. सिस्टर कागदावर लिहितात, क्रिएटिनिन, युरिया, पोटॅशियम. तेच शब्द माझ्या रिपोर्टावर आहेत, फक्त आकडे वेगळे.

प्र.ला विचारलं, क्रिएटिनिन येतं कुठून? म्हणाली, स्नायूंतून. तुम्ही चालता, बसता, झोपता, स्नायू थोडं-थोडं करतच राहतात. रक्तात उतरतं, किडनी बाहेर टाकते.

म्हणजे मी चारीवर चालतो तेव्हा माझ्या आत असला कारभार चालतो. एक बनवतो, दुसरा उचलतो, तिसरा गाळतो. मला खबरही नाही. मी तात्यांशी खोंडाच्या शिंगांवर बोलत असतो. आणि तेवढंच काम सु.साठी कपाटाएवढं मशीन करतं, तेही आठवड्यातनं आठ तास, तेही अर्धवट. पोटॅशियमपायी एक केळं खायची चोरी तिला. माझ्याकडं तसली दोन आहेत, मुठीएवढी, पाठीत, कधी कुरकुर न केलेली. आज मशीनच्या आवाजात बसून स्वतःच्या पाठीवरून हात फिरवला. सु. म्हणाली, "काय झालं, दुखतीय का?" म्हटलं, न्हाई.

१० ऑक्टो., शुक्र.

८१.५. अडीच किलो गेले. तात्यांचं म्हणणं, सगळं घामातनं गेलं. "घाम म्हंजी इतळल्याली चरबी. आमच्या वस्तादानं सांगितल्यालं." प्र. म्हणते, चरबी जळते तेव्हा तिचा बहुतेक कार्बन डायऑक्साईड होतो आणि नाकातोंडातून निघून जातो. थोडं पाणी. बस. अडीच किलोमधली बरीचशी मी श्वासानं सोडली म्हणायची.

तात्यांना सांगितलं. ते थांबले, दोन पावलं लांब सरकले. "म्हंजी इतकं दिस मी तुजी चरबी नाकात घ्याया लागलोय व्हय?" तिथनं घरापर्यंत लांबूनच चालले.

हसलो, पण घरी आल्यावर बराच वेळ श्वासाकडं लक्ष जात राहिलं. आत घेतो तो वेगळा, सोडतो तो वेगळा. मध्ये मी.

१८ ऑक्टो., शनि.

पुलापाशी कुत्रं लागलं मागं. पळालो. शाळा सुटल्यापासून एवढा पळालो नव्हतो. पोटऱ्यांत आग. तात्यांनी खडा मारून कुत्र्याला हाकललं आणि म्हणाले, "रोज बांधून ठिवतो हितं, तुज्यासाटी."

प्र. म्हणाली, जोरात पळताना स्नायू लॅक्टिक ॲसिड करतो, म्हणजे लॅक्टेट. या नावाशी माझं जुनं वैर. ऊस तोडून दोन-तीन दिवस उन्हात पडला की आंबतो आणि हेच वाढतं. म्हणजे साखर गेली, आणि केमिस्टला बोलणी. जन्मभर मी हे नाव शिवीसारखं घेतलंय.

पोर म्हणते, अंगात तो कचरा नाही. पायात होतं, रक्तात उतरतं, आणि हृदय ते खातं. जळण म्हणून. यकृत उरलेलं घेऊन त्याची परत साखर करतं.

दोनदा विचारलं, परत साखर? हो म्हणाली. आंबलेल्या रसाची परत साखर करून दाखवली असती तर कारखान्यानं मला फेटा बांधून मिरवला असता. इथं माझं यकृत रोज करतं, कुणी नारळही देत नाही.

सु.ला सांगायला गेलो. ती तांदूळ निवडत होती. ऐकून घेतलं. म्हणाली, "तुमाला लई कवतिक आलंय अंगाचं. पन माझ्यासाटी एक काढून टाकायला निगालाय त्यातलं." तिचं काही खोटं नव्हतं.

१ नोव्हें., शनि.

गव्हाणीत मोळी पडली. हंगाम सुरू. माझी बारा ते आठची पाळी. सकाळचं चालणं आहेच. डबा चार वाजता, तासभर काम, मग बगॅसच्या, म्हणजे चिपाडाच्या, ढिगाभोवती अर्धा तास फेऱ्या, मग लॅबमध्येच टोचायचं. वजन ८०. आतापर्यंत सगळं उतरतंय. देव न मानणारा माणूस मी, पण या अंगाला हात जोडावेसे वाटतात.

३ नोव्हें., सोम.

२०४. चालल्यानंतर.

५ नोव्हें., बुध.

२१२. भाकरी एकच खाल्ली होती. पट्ट्यांची नवी डबी फोडली. २०९. यंत्राचा दोष नाही.

सु.ला रोज आकडा सांगतो. ऐकते, आणि चुलीकडं वळते.

९ नोव्हें., रवि.

चार दिवस रात्रीचं जेवण बंद. सकाळी दोन तास चालतो. आज उठल्यावर सु. म्हणाली, "तोंडाला कसला वास येतोय, पिकून गेलेल्या फळासारका." प्र. फोनवर चिडली. "ते कीटोन आहेत पप्पा. साखर पुरेना म्हणून शरीर चरबी फोडून दुसरं जळण करतंय. एवढं उपाशी नका राहू, चक्कर येऊन चारीत पडाल."

एरवी या गोष्टीनं मी दिवसभर हरखून गेलो असतो. एक जळण संपलं की दुसरं पेटवतं, कुणी न सांगता. आज नुसतं ऐकलं. चरबी जळते म्हणतात, मग संध्याकाळी दोनशे कुठून येतात?

१४ नोव्हें., शुक्र.

२३८.

झालं. वजन ७८.५, पण आकडा चढतोच आहे. दोन महिने मी या अंगाचे पोवाडे गायले आणि त्यानं मला असं तोंडघशी पाडलं. प्र.ला सांगून टाकलं, माझ्यावर भिस्त ठेवू नकोस. ती म्हणाली, "मी बुधवारी रजा टाकते. माझ्या तपासण्या सुरू करू. आईला मी सांगते."

डोळ्यांत पाणी आलं. रात्री येताना गोठ्यापाशी तात्या भेटले, त्यांना कळलं असावं. आज त्यांनी एकही टोमणा मारला नाही.

१६ नोव्हें., रवि.

हे सगळं जसं झालं तसं लिहायचं आहे.

पाळी संपवून साडेआठला घरी. सु. ओट्यापाशी उभी. परातीत कोमट पाणी, शेजारी साबण. म्हणाली, "यंत्र काडा. आदी असंच टोचा." का म्हटलं तर, "टोचा म्हनलं ना." स्पिरिटनं बोट पुसलं, टोचलं. १९६.

मग माझा हात धरून पाण्यात घातला. एकेक बोट साबणानं चोळलं, नखांच्या कडा, बोटांच्या बेचक्या. पदरानं कोरडा केला. "आता टोचा."

१०१.

दोन मिनिटांत पंच्याण्णव उतरली. चालायलाही लागलं नाही.

"हंगाम लागला की तुमचा हात चिकाट असतोय," म्हणाली. "लगीन झाल्यापासून बगतीया. हात हातात घेतला की कळतं मला, कारखाना सुरू झाला."

रस. दिवसभर नमुने घेतो, बोटं रसात. डबा खायच्या आधी हात धुतो, पण टोचायच्या आधी तासभर पुन्हा तेच. त्यावर स्पिरिट फिरवून म्हणायचं, झालं स्वच्छ. आणि स्पिरिटमध्ये साखर विरघळत नाही, हे माझ्याइतकं तालुक्यात कुणाला ठाऊक असेल? पॅनमध्ये दाणा धरायला आम्ही साखर स्पिरिटमध्येच दळतो, ती विरघळू नये म्हणूनच. पट्टी उसाची साखर ओळखत नाही हे खरं, पण रसात ग्लुकोजही असतंच. तेही रोज मीच काढतो, मीच रजिस्टरात लिहितो. नळी नीट धुतली नाही म्हणून लॅबमधल्या किती जणांना फैलावर घेतलंय मी. आणि स्वतःचं बोट.

विचारलं, "तुला कधी कळलं?"

"पैल्याच दिसापासून वाटत हुतं."

पंधरा दिवस. पंधरा दिवस मी उपाशी, रडकुंडीला आलेलो, आणि ही बाई गप्प. राग आला, खोटं कशाला लिहू. ताडकन उठलो. ती परात पुसत राहिली. "मला वाटलं सोडून द्याल. तुमचीबी नको हुती मला. धडधाकट मानसाला माझ्यापायी कापायचं, मला झोप न्हाई लागत." मग म्हणाली, "पन दुपारी प्रज्ञाचा फोन आला. बुधवारी येती म्हनली." पुसलेली परात तिनं पुन्हा पुसली.

हात अजून साबणाचा वास देत होता. जेवायला बसलो. तिनं दोन भाकऱ्या वाढल्या, मी दोन्ही खाल्ल्या.

१७ नोव्हें., सोम.

हंगामातल्या सगळ्या आकड्यांवर रेघ मारली. म्हणजे मी कुठं आहे, मला खरंच माहीत नाही. वाईट नसेन एवढंच. तीन महिन्यांची शुगर बोटाला विचारत नाही. ती रक्ताच्या पेशींवर बसलेली असते, १६ डिसेंबरला काय ते सांगेल.

सु.नं प्र.ला फोन केला. "रजा टाकू नको. तुज्या पप्पाचं बगू आदी." 'तुज्या पप्पाचं बगू' हे तिच्या तोंडून पहिल्यांदा.

तात्यांना हाताची गोष्ट सांगितली. ते चारीच्या कडेला खाली बसून हसले. "साकर कारखान्याचा केमिस्ट, आन् बोटाला साकर." आता गावभर होणार.

१९ नोव्हें., बुध.

कारखान्यात साबणानं दोनदा हात धुऊन, चालून, टोचलं. ११२. माफी मागितली अंगाची. मनातल्या मनात, पण मागितली.

६ डिसें., शनि.

सकाळी विहारात वंदना. सु. चालत आली, अर्ध्या वाटेवर दोनदा टेकली, पण रिक्षा नको म्हणाली. महिनाभर मशीन नसलेल्या दिवशी चारीवरच्या लिंबाच्या झाडापर्यंत जाते. म्हणते, चालून आलं की मन जरा हलकं लागतं. प्र.ला विचारलं तर म्हणाली, चालताना स्नायू नुसती साखर खात नाहीत, रक्तात काय काय सोडतात आणि काय काय उचलतात, त्यातलं काही मेंदूपर्यंत पोचतं, सगळं अजून कुणाला कळलेलं नाही. हे मला फार आवडलं, कुणाला कळलेलं नाही हे. मशीनवरच्या बाईच्या थकलेल्या पायांनाही ते येतं, हे त्याहून.

वजन ७७.

१३ डिसें., शनि.

तात्या काष्टीच्या बाजारात खोंड विकायला निघालेले, तरी आधी चालायला आले. पुलावर म्हणाले, "मंगळवारी नापास झाला तर?" म्हटलं, माहीत नाही. "मंग माजी बगा म्हनावं डाक्टरला. म्हातारी हाय, पन वापरली न्हाई लई, पानीच कमी पितो मी." थट्टाच होती. पण तोंड वळवून बोलले. मीही तिकडंच बघत चाललो.

१६ डिसें., मंगळ.

पुणे. सु.चं मशीन सोमवारीच उरकून घेतलं होतं, ती बरोबर आली. सकाळी उपाशीपोटी रक्त. मग ग्लासभर ग्लुकोजचं पाणी, गिळवेना इतकं गोड. सिस्टर म्हणाल्या, "आता दोन तास इथंच बसायचं. चालायचं नाही. चाललात तर आकडा खरा येत नाही."

तीन महिने चाललो, आणि परीक्षेला बसा म्हणाले. एवढी साखर रक्तात शिरतेय हे जणू जाणवत होतं, आणि मांड्यांना काही करता येईना. पाय आपोआप हलायला लागले. सु.नं गुडघ्यावर हात ठेवला. "गप बसा. आतलं आत करू द्या त्यांना."

खरं बोलली. मी सोडून माझ्या आत सगळे कामाला लागलेले असणार. दोन तास मी कसलाच नव्हतो, नुसता डबा होतो त्यांचा. तरी भीती वाटली नाही. एवढं तीन महिन्यांत शिकलो. दोन तासांनी पुन्हा रक्त. निघताना सु.नं सिस्टरना विचारलं, "त्यांचे हात धुवायचे हुते का?" सिस्टर म्हणाल्या, शिरेतून घेतो, लागत नाही. "तरी," म्हणाली.

मॅडम गुरुवारी फोन करणार.

१८ डिसें., गुरु.

पाळी बदलून घेतली. सकाळपासून फोन खिशात, दर पाच मिनिटांनी बाहेर. आठ वाजता सु. चपला घालून दारात. "चला. आनि त्यो फोन हितंच ठिवा." म्हटलं, अगं आजच. "हितंच ठिवा. आपुन येईस्तवर त्यो काय पळून जात न्हाई."

ठेवला, चार्जिंगला. लिंब आला, ती थांबली नाही. तात्यांनी गोठ्यातनं हात केला, आज मागं आले नाहीत. मी तिच्या पावलानं चाललो. थंडी होती, बोलताना दोघांच्या तोंडातून वाफ. तिला म्हटलं, ही बघ, यातनं माझे सात किलो गेले. "माजंबी काय तरी जात आसंल," म्हणाली. पुलापर्यंत आली. गेल्या दोन वर्षांत पहिल्यांदा. कठड्याला टेकून दम घेतला, पाण्याकडं बघितलं. मग माझ्या पाठीवर, कमरेच्या वर, डावीकडं हात ठेवला. हीच काढायची म्हणून मॅडमनी दाखवलं होतं तिथंच. थोड्या वेळानं आम्ही परत फिरलो.

आत्ता आलोय. मोबाईलवर तीन मिस्ड कॉल, तिन्ही पुण्याचे. एवढं लिहून लावतो.

सु. मोरीतून ओरडतेय, आदी हात धुवा, मंग लावा.